जुन्या तंबोऱ्याची झीज



घरांतील एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्यासंबंधीं दोन मतें घरांत ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, ती घासूनपुसून, रंगरोगण देऊन नव्यासारखी करावी. दुसरा म्हणतो, जशी आहे तशीच राहूं द्यावी. पितळी समईविषयीं हा वाद फार वेळ टिकत नाहीं; चिंच आणि राख तो एका सकाळीं मिटवितात. मोडक्या पाटाविषयीं सुताराला विचारलें कीं पुरे होतें. परंतु वाद्याची गोष्ट निराळी आहे. वाद्याचें रूप आणि वाद्याचा आवाज हीं दोन्ही एकाच लांकडांत राहतात. शिवाय ज्याला आपण खराबी म्हणतों, ती पुष्कळ वेळां तें वाद्य वाजविणाऱ्या माणसाच्या हाताची निशाणी असते. म्हणून जिवापाड जपलेल्या जुन्या वाद्याच्या अंगावरील झीज भरून काढावी कीं नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं.

तो नीट समजण्यासाठीं एक घर डोळ्यांपुढें आणूं. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यांत, मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यावर, पनवेल आणि खोपोली यांच्या दरम्यान चौक हें गांव आहे. जवळच इरशाळगड आणि माथ्यावर माथेरानचा डोंगर. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ याच चौकास पडला असतां ते डोंगर चढून वर गेले, आणि पुढें माथेरान हें हवा खाण्याचें ठिकाण म्हणून नांवारूपास आलें. वरची हवा प्रसिद्ध झाली. पायथ्याच्या चौकाच्या वांट्यास मात्र चार महिने भिंतींना ओल आणणारा पाऊस तेवढा आला.

समजा, या गांवांतील एका घरीं मिरजेचा एक जुना तंबोरा आहे. घरांतील आजीबाई त्यावर चाळीस वर्षें गायिल्या. आजीबाई आतां नाहींत. तंबोरा गवसणींत घालून माजघराच्या कोपऱ्यांत उभा आहे. गवसणी काढली तर काय दिसतें? भोपळ्याचें पॉलिश, जेथें तो मांडीवर टेके तेथें, पार उडालें आहे. दांडीवर जेथें हात विसावे तेथें रंग जाऊन लांकूड उघडें पडलें आहे आणि हाताच्या तेलकटपणानें काळसर, गुळगुळीत झालें आहे. कडेच्या नक्षीची पांढरी पट्टी पिवळी पडून एके ठिकाणीं उचकटली आहे. तबलीवर दोन-चार चरे आहेत. तारा गंजल्या आहेत. छेडून पाहिलें तर आवाज ठसठशीत येण्याऐवजीं मिटल्यासारखा येतो.

घरांत नात दहा वर्षांची झाली आहे. तिला गाणें शिकवावयाचें ठरलें आहे. तेव्हां तंबोरा दुरुस्त करावा, याविषयीं दुमत नाहीं. दुमत आहे तें पुढच्या गोष्टीविषयीं. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, सासूबाईंची वस्तु अशी कळकट ठेवणें हा सासूबाईंचाच अपमान आहे. सगळें जुनें पॉलिश खरवडून तंबोरा नवा करून घ्यावा. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, आईचा हात जेथें जेथें पडला, नेमकी तेवढीच जागा घासून टाकण्यासाठीं कारागिराला पैसे कां द्यावे? दोघेंही प्रेमानेंच बोलत आहेत, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. त्यांत आणखी एक अडचण आहे. कारागिराकडे तंबोरा पुन्हा पुन्हा नेणें व्हावयाचें नाहीं, आणि खर्चाला काढलेली रक्कमही एकदांच निघणार आहे. ती रूपावर खर्चावी कीं आवाजावर, हें ठरविल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

अशा वेळीं पहिलें काम म्हणजे सर्व खराबी एकाच पोत्यांत न भरतां तिची वर्गवारी करणें. जुन्या तंतुवाद्यांत तीन प्रकारचे दोष आढळतात. पहिला प्रकार वाद्याच्या प्राणावर बेतणारा. भोपळा आणि तबली, किंवा भोपळा आणि गळा, यांचा सांधा सुटणें. भोपळ्याला भेग जाणें. तारांच्या ओढीनें दांडी वांकणें. खुंट्या सैल होऊन सूर न ठरणें. कीड लागून तळाशीं बारीक भुसा पडणें. हे सारे दोष या वर्गांतले. यांची उपेक्षा केली तर वाद्य उद्यां आजच्यापेक्षां वाईट होईल. दुसरा प्रकार आवाज अडविणारा : गंजलेल्या तारा, सैल झालेली घोडी, बिघडलेली जवारी. वाद्य यानें मरत नाहीं, पण मुकें होतें. तिसरा प्रकार केवळ डोळ्यांना दिसणारा : उडालेलें पॉलिश, चरे, पिवळेपणा, फिका पडलेला रंग. यानें वाद्य मरतही नाहीं आणि मुकेंही होत नाहीं. तें केवळ वयस्क दिसतें.

आतां गंमत अशी कीं, घरांतल्या माणसाचें लक्ष नेहमीं प्रथम तिसऱ्या प्रकाराकडे जातें, कारण तो लांबूनही दिसतो. सांध्याची केसाएवढी फट पाहण्यासाठीं खालीं वांकावें लागतें. जवारी बंद झाल्याचें कळण्यासाठीं कान लागतो. चौकांतील त्या घरीं वाद चालला आहे तो पॉलिशचा. परंतु नातीचें गाणें अडलें आहे तें जवारीपाशीं.

जवारी म्हणजे काय, हें येथें थोडें सांगणें अवश्य आहे. तंबोऱ्याच्या चार तारा तबलीवरील रुंद घोडीवरून जातात. या घोडीचा माथा वरकरणी सपाट दिसला तरी किंचित गोलसर उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेंच घांसत राहते, आणि तारेखालीं सरकविलेला कापसाचा बारीक दोरा तें घांसणें नेमकें साधून देतो. त्यांतूनच तो भरलेला, गुंजारव करणारा आवाज निघतो, ज्यावर गवयाला आपला षड्ज विसांवतां येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला होता. नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें तें पुढें १९३० सालीं, दुसऱ्या संशोधनाबद्दल. साध्या तारेचा नियम असा कीं, ती ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूपाशीं जे उपस्वर स्थिर असतात ते उमटूं नयेत. तंबोऱ्यांत आणि वीणेंत मात्र तेही उमटतात, आणि त्याचें कारण ती रुंद, वक्र माथ्याची घोडी, हें रामन यांनीं दाखवून दिलें. म्हणजे गवयांच्या कानाला जें पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें, त्यावर पदार्थविज्ञानानेंही शिक्कामोर्तब केलें. तार वर्षानुवर्षें एकाच जागीं घांसून घोडीवर बारीक चरे पडले कीं हा गुंजारव बंद होतो. मग कारागीर घोडीचा माथा पुन्हा तासून, घांसून जवारी काढतो. काम नखाएवढ्या जागेचें. पण सर्व तंबोऱ्याचें तेज त्यांत सांठविलेलें असतें.

हें कौशल्य महाराष्ट्रांत ज्या गांवीं विशेषेंकरून जोपासलें गेलें तें गांव मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगारांनीं तेथें तंबोरे करण्यास आरंभ केला, असें सांगितलें जातें. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. राज्यें गेलीं, तलवारींचें काम सरलें, आणि तेच हात लांकडाकडे आणि भोपळ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे मोठे, जाड सालीचे भोपळे आणि तुणीचें लांकूड यांपासून या घराण्यांनीं देशभर मान्यता पावलेले तंबोरे आणि सतारी घडविल्या. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय आणि अब्दुल करीम खांसाहेबांचें तेथील वास्तव्य यांमुळें मिरज हें गाणाऱ्यांचें आणि वाद्यें करणाऱ्यांचें, अशा दोघांचेंही गांव झालें. १९३७ सालीं निधन पावलेले हे खांसाहेब केवळ गवई नव्हते. वाद्यें उघडून स्वतःच्या हातानें दुरुस्त करण्याची विद्याही त्यांना अवगत होती. २०२४ सालीं मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळालें. पिढीजात झिलईचें काम करणाऱ्या हातांनीं हा धंदा उभारला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण चकाकी कशी आणावी हें ज्यांना सर्वांत अधिक ठाऊक, त्यांच्याच विद्येंत जवारीला पहिला मान आहे.

मग पॉलिशचें महत्त्व कांहींच नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. जुन्या तंबोऱ्यावरचें पॉलिश बहुधा लाखेचें असतें. पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवरील लाखेच्या किड्यांपासून मिळणारी चपडी लाख स्पिरिटांत विरघळवून कापडाच्या बोळ्यानें ती थरावर थर चढवितात. या थराचीं कामें दोन. एक शोभेचें, दुसरें, घाम, धूळ आणि ओल यांपासून लांकडाचें रक्षण करण्याचें. लाखेचा एक मोठा गुण असा कीं, नव्या हातांतील स्पिरिट जुना थर थोडासा विरघळवितें आणि दोन्ही एकजीव होतात. त्यामुळें जेथें लांकूड उघडें पडून रेषा फुगूं लागल्या असतील, तेथें बाकी कशालाही हात न लावतां तेवढ्याच जागेवर पातळ लाख फिरवितां येते. ही दुरुस्ती नव्हे, संरक्षण होय. आणि उद्यां ती नको वाटली तर काढूनही टाकतां येते.

याउलट, ‘नव्यासारखा करून द्या’ असें सांगितलें कीं कांचकागद हातीं येतो. जुना थर खरवडतांना त्याखालचें लांकूडही थोडें जातें. तबली पातळ असते. तिची जाडी कारागिरानें आवाज ऐकून ठरविलेली असते. गळ्यापाशीं कोरलेल्या पानांच्या कडा घांसल्या कीं बोथट होतात, आणि बोथट झालेलें कोरीव काम पुन्हा धारदार होत नाहीं. कारागिराची एखादी खूण किंवा चिठ्ठी असल्यास तीही जाते. त्यावर पुष्कळदां लाखेऐवजीं यंत्रानें फवारलेलें जाड कृत्रिम रोगण बसतें. तें कांचेसारखें चमकतें, टिकतेंही फार. पण जाड थरानें तबली जड होते, आणि पुढें कधीं सांधा उघडावयाची वेळ आली म्हणजे तें रोगण सहजासहजीं निघत नाहीं. येथें अतिशयोक्ति मात्र करूं नये. पातळ हातानें दिलेल्या लाखेनें तंबोऱ्याचा आवाज मरतो, असें म्हणणें खरें नाहीं. खरी हानि पॉलिश देण्यांत नसून, तें देण्यापूर्वीं जें खरवडून काढलें जातें त्यांत आहे. दिलेलें परत काढतां येतें. काढलेलें परत देतां येत नाहीं.

महाराष्ट्रांतील लोकांना या गोष्टीचा अनुभव दुसऱ्या एका ठिकाणीं भरपूर आला आहे. गांवोगांवच्या जुन्या दगडी देवळांना भाविकांनीं जीर्णोद्धाराच्या हौसेनें चकचकीत तैलरंग फांसले. हेतु निर्मळ होता. परंतु रंगाखालीं दगडाचा श्वास कोंडला, कोरीव कामाच्या रेषा बुजल्या. आणि मागाहून तो रंग काढण्यासाठीं जोरदार वाळूचा मारा केला गेला, तेथें दगडाचा वरचा पापुद्राही निघून गेला. देऊळ पडूं नये म्हणून चिरा बसविणें निराळें, आणि देऊळ जुनें दिसूं नये म्हणून रंग देणें निराळें. पहिल्यांत देवळाची काळजी आहे. दुसऱ्यांत पाहणाऱ्याच्या डोळ्यांची.

परदेशांतही या प्रश्नावर विचार झालेला आहे. क्रिमोना येथील ग्वार्नेरी या कारागिरानें १७४३ सालीं केलेलें एक व्हायोलिन पुढें पागानिनी या जगप्रसिद्ध वादकाच्या हातीं आलें. त्याच्या गडगडाटी आवाजावरून तो त्याला ‘तोफ’ म्हणत असे. १८४० सालीं पागानिनी वारला. व्हायोलिन त्यानें आपल्या जन्मगांवाला, जेनोवा शहराला, देऊन ठेवलें होतें. हनुवटी टेकण्याची वेगळी पट्टी न लावतां तो वाजवीत असल्यामुळें त्या जागेचें रोगण झिजून गेलेलें आहे. तें शहर या व्हायोलिनाची डोळ्यांत तेल घालून निगा राखतें, निवडक वादकांकडून तें वाजवूनही घेतें. परंतु ती झिजलेली जागा कोणीं रोगणानें भरून काढलेली नाहीं.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील गायक विली नेल्सन यांच्या गिटारीचें. मार्टिन या जुन्या कारखान्याची ही गिटार त्यांनीं १९६९ सालीं घेतली. तारा बोटांनीं छेडावयाच्या अशा जातीची ती असल्यामुळें नखीच्या घर्षणापासून लांकडाचा बचाव करणारी पट्टी तिच्यावर नव्हती; आणि नेल्सन तर नखीनें वाजवीत. परिणामीं कांहीं वर्षांत तिच्या दर्शनी फळीला आरपार भोंक पडलें. तें आजही आहे. पण येथें एक गोष्ट सहज नजरेआड होते. ती गिटार ठराविक काळानें कारागिराकडे जाते. आंतील आधाराच्या पट्ट्या तपासल्या जातात, जेथें फळी कमकुवत झाली असेल तेथें तिला बळकटी दिली जाते. वरून पाहणाऱ्याला वाटतें, या माणसानें गिटारीकडे दुर्लक्ष केलें. वास्तविक तिच्याइतकी निगा फारच थोड्या वाद्यांची होत असेल. भोंक राहूं दिलें आहे. गिटार मोडूं दिलेली नाहीं. जुन्या गिटारींच्या व्यापाऱ्यांचा अनुभवही असाच आहे कीं, मूळ रोगण झिजलेलें असलें तरी चालतें, पण तें काढून नवें चढविलें कीं किंमत बरीच उतरते.

आतां दुसऱ्या बाजूचेंही बलवान म्हणणें ऐकलें पाहिजे, कारण तें खोडून काढण्यासारखें नाहीं. सूनबाई विचारतील, हीं उदाहरणें परदेशांतील थोर कलावंतांचीं आणि नगरभवनांत ठेवलेल्या वस्तूंचीं. आमच्या घरच्या तंबोऱ्याला तीं कशीं लागू पडावीं? आपल्याकडील गवई स्वतःचे तंबोरे कारागिराकडे पाठवून पॉलिश करवून घेत आले आहेत. सासूबाई हयात असत्या तर त्यांनींही तेंच केलें असतें. देवाच्या मूर्तीला वज्रलेप होतो, घराला दिवाळीपूर्वीं रंग लागतो. आपल्या रीतींत वस्तु गोठवून ठेवण्यापेक्षां ती वापरांत ताजी ठेवण्यालाच मान आहे. आणि प्रत्येक घरानें ‘जुनें तेंच असूं द्या’ म्हटलें, तर कारागिरानें पोट कशावर भरावें?

या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. मात्र त्यांतच उत्तराची किल्लीही आहे. गवई तंबोरा पॉलिश करवितो तो वाजविणारा असतो. कोणती झीज त्याला उपयोगी आहे, कोणती नडते, हें त्याच्या हाताला ठाऊक असतें. आणि पॉलिश पुन्हा झिजेल इतकें तो वाजविणारही असतो. त्याच्या घरीं चकाकी ही वापराच्या ओघांतील एक पायरी असते. जो वाजवीत नाहीं तो मात्र तंबोरा नवा करवितो, तेव्हां ती चकाकी शेवटची ठरते. तंबोरा दिवाणखान्यांत उभा राहतो, पाहुणे कौतुक करतात, आणि मुका तो मुकाच राहतो. आजीबाईंनीं तंबोरा पॉलिश करविला असता, हें खरें; पण आजीबाईंनीं आधीं जवारी काढून घेतली असती, हें त्याहूनही खरें.

कारागिराच्या पोटाचा प्रश्नही याच दृष्टीनें पाहावा. पॉलिश कोणताही फर्निचरवाला देऊं शकतो. जवारी काढणें, सुटलेला सांधा सरसानें बसविणें, खुंटी नव्यानें जमविणें हीं कामें तंबोऱ्याच्या कारागिराशिवाय कोणालाही येत नाहींत. ज्या घराला त्या विद्येचा मान राखावयाचा असेल, त्यानें आपले पैसे त्या विद्येवर खर्चावे.

यावरून चौकांतील त्या घरापुरता निर्णय कसा लागावा? रक्कम एकदांच निघणार असेल, तर तिचा क्रम असा असावा. प्रथम सांधे, भेगा आणि कीड यांची तपासणी. नंतर खुंट्या, नव्या तारा आणि जवारी. त्यानंतर उचकटलेली पट्टी. ती शोभेची असली तरी तिची कड साडीला, गवसणीला अडकून आणखी उचकटेल, म्हणून मूळचीच पट्टी चिकटवून घ्यावी. एखादा तुकडा हरवलाच असेल, तर हाडाचा किंवा सेल्युलॉइडचा बसवावा. जुन्या तंबोऱ्यांवर हस्तिदंत आढळतो. परंतु १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यांतील पुढील दुरुस्त्या यांमुळें हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आहे, तेव्हां नव्या हस्तिदंताचा हट्ट धरूं नये. भोपळ्यावर जेथें लांकडासारखी साल उघडी पडली आहे, आणि दांडीवर जेथें रेषा खरखरीत लागत आहेत, तेवढ्याच जागीं लाखेचा एक पातळ हात, तोही न खरवडतां. बाकीचें जसें आहे तसें. आणि कारागिराला हें तोंडी न सांगतां चिठ्ठीवर लिहून द्यावें. कारण ग्राहकाला चकाकी आवडते असा त्याचा नेहमींचा अनुभव असतो, आणि भलेपणानेंच तो जास्तीचें काम करून ठेवतो.

तंबोरा परत घरीं आला म्हणजे खरी काळजी सुरू होते, विशेषतः चौकासारख्या पावसाच्या गांवीं. तो बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवूं नये. ओल भिंतींतून सांध्यांत उतरते. माळ्यावर टाकूं नये. दमट हवेनें लाखेवर पांढुरकी झांक आली, तर घाबरून कांचकागद घेऊं नये. कोरड्या मऊ फडक्यानें पुसून कोरड्या हवेंत ठेवावा, पण उन्हांत नव्हे. कारण उन्हानें भोपळा एकदम सुकून तडकतो. उघड्या लांकडाला खोबरेल चोळण्याची पुष्कळ घरीं पद्धत आहे, ती सोडावी. तेल आंत मुरलें कीं पुढें तेथें लाखही धरत नाहीं आणि सरसही धरत नाहीं. गवसणी सुती असावी आणि अधूनमधून उन्हांत वाळवावी. तंबोरा बरेच दिवस वाजणार नसेल, तर तारा थोड्या उतरून ठेवाव्या. सर्वांत मोठी निगा म्हणजे रोज वाजविणें. जो तंबोरा रोज गवसणींतून बाहेर येतो, त्याची कीड, ओल, सुटलेला सांधा हें सारें वेळींच डोळ्यांस पडतें. कोपऱ्यांतील तंबोऱ्याचें दुखणें कळतें तें तो उचलतांना भोपळा हातांत राहिल्यावर.

राहतां राहिला पॉलिशचा मूळ प्रश्न. त्याला ‘कधींच नाहीं’ असें उत्तर देण्याची गरज नाहीं. ज्याच्याशीं कोणाचीही आठवण निगडित नाहीं, ज्याचें रोगण सर्वांगानें पोपडे होऊन गळत आहे, असा बाजारांतून घेतलेला साधा तंबोरा खुशाल नवा करवावा. घरच्या तंबोऱ्याचा निर्णय मात्र निदान एक वर्ष पुढें ढकलावा. त्या वर्षांत नातीनें त्यावर रोज षड्ज लावावा. पहिले कांहीं महिने तिला तारा जुळवितां येणार नाहींत. सूनबाईंनाच बसून त्या जुळवाव्या लागतील, आणि त्या निमित्तानें त्यांचाही हात दांडीवरील त्या काळसर, गुळगुळीत जागीं पडेल. ती जागा तेथें कां झाली, हें तेव्हां आपोआप समजेल : हात विसावण्यास तीच जागा सोयीची आहे. वर्षानंतरही चकाकी हवीशी वाटली, तर तो निर्णय वाजविणाऱ्या घराचा निर्णय असेल, आणि त्याला कोणीं नांव ठेवण्याचें कारण नाहीं. आणि ती नकोशी वाटली, तर पैसे वांचले इतकेंच नव्हे. आजीबाईंनीं चाळीस वर्षांत जें झिजविलें, त्याच्या पुढची झीज नातीच्या हातानें सुरू झालेली असेल.